तळ्याकाठचा मुक्काम

हैदराबाद शहराच्या पश्चिमेस सुमारे वीस किलोमीटरांवर उस्मानसागर हा मोठा तलाव आहे. जवळच्या गावावरून लोक त्यास गंडीपेट असेच म्हणतात. रविवारी डबे बांधून गंडीपेटला जावे, बांधावर वारा खावा आणि दिवेलागणीस घरी परतावे, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांनी घेतलेला असेल. परंतु तळ्याकाठी दुपार घालविणे निराळे आणि रात्र काढणे निराळे. दुपारचा पाहुणा काठाकडे पाहतो. रात्रीच्या पाहुण्यास काठावर संसार मांडावा लागतो. चूल, सरपण, भांडी, स्नान, शौच, केरकचरा, झोप, या साऱ्यांची सोय त्यास स्वतःच लावावी लागते. म्हणूनच मुक्कामाचे शिबिर हा मौजेचा विषय असला तरी तितकाच तो अभ्यासाचाही विषय आहे. आमच्या शाळेच्या शिबिरांतून आम्ही जे शिकलो, आणि जे चुकून शिकलो, ते येथे क्रमाने सांगण्याचा विचार आहे.

प्रथम तलावाची ओळख करून घेऊ. उस्मानसागर निसर्गनिर्मित नाही. त्याच्या जन्मामागे एक मोठे दुःख आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस महापूर आला. पूल वाहून गेले, वस्त्या बुडाल्या. मृतांचा आकडा १५,००० च्या आसपास सांगितला जातो. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० माणसांनी प्राण वाचविले. पुढील वर्षी संस्थानाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. हे थोर स्थापत्यविशारद पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि मुंबई इलाख्यातील नोकरीत खडकवासला धरणाच्या स्वयंचलित दरवाजांमुळे नावारूपास आलेले. त्यांनी सुचविले की, शहराच्या वरच्या अंगास तलाव बांधून पुराचे पाणी तेथेच अडवावे. त्याप्रमाणे मुसीवर १९२० साली उस्मानसागर आणि तिची उपनदी ईसी हिच्यावर १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाला. एकाच बांधाने दोन कामे साधली : पुरापासून रक्षण झाले आणि पिण्याचे पाणी मिळाले. उस्मानसागराचे पाणी केवळ उताराच्या जोरावर बंद कालव्यातून आसिफनगरच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत येते. आज शहराचे बहुतेक पाणी कृष्णा व गोदावरी या नद्यांवरून, शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरून, पंपांनी चढवून आणावे लागते. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे दाराशी असलेल्या या जुन्या तलावाचे मोल कळते. तुडुंब भरला असता त्यात सुमारे ३.९ अब्ज घनफूट, म्हणजे जवळजवळ ११,००० कोटी लिटर पाणी मावते.

आता शिबिराकडे वळू. काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबर महिन्यात ३२ विद्यार्थ्यांसह आम्ही दोन रात्रींच्या मुक्कामासाठी तेथे गेलो. ओळखीच्या एका शेतकऱ्याने आपल्या शेतात तंबू ठोकण्यास आनंदाने संमती दिली होती. पण तेथे पोहोचल्यावर शेताच्या कडेपलीकडे, तळ्याच्या बाजूस उतरत गेलेली एक सपाट, गवताळ जागा आमच्या नजरेस पडली. मऊ माती, समोर पाणी, पाठीशी काळे फत्तर! शेतातील ढेकळांपेक्षा ती जागा आम्हांस किती तरी अधिक आवडली, आणि शेतकऱ्यास न विचारताच आम्ही तेथे तळ दिला. शिबिरशास्त्राच्या पुस्तकांतून एक नियम दिलेला असतो : शौचाचा चर व भांडी घासण्याची जागा पाण्यापासून निदान २०० फूट, म्हणजे सुमारे ८० पावले, दूर असावी. हा नियम आम्ही विद्यार्थ्यांस फळ्यावर लिहून शिकविला होता. म्हणून फीत काढली, पाण्याच्या कडेपासून २०० फूट मोजले, थोडे वरच धरले, आणि चर खणला. आपण नियम अगदी काटेकोरपणे पाळला, असे समाधानही वाटले.

चार वाजण्याच्या सुमारास एक वृद्ध कोळी खांद्यावर जाळे टाकून तेथून चालला होता. तेलुगूत आजोबांस ताता म्हणतात. मुलांनी त्यास तेच संबोधन दिले. तो थबकला, तंबूंकडे पाहिले, चराकडे पाहिले आणि दखनीत म्हणाला, "मास्टरसाब, डेरे हियाँ नक्को डालो. ये जमीन नई है, तलाव है."

आम्ही चकित झालो. पायाखाली कोरडी माती, सभोवार गवत, आणि हा म्हणतो की हा तलाव आहे! तेव्हा त्याने आम्हांस पाठीमागच्या फत्तराजवळ नेले. दगडावर आमच्या डोक्याच्याही वर एक फिकट आडवी रेघ होती. तिच्याखालचा दगड पांढुरका, वरचा काळसर. रेघेच्या पातळीस भेगांतून वाळलेल्या काटक्या, शेवाळाच्या पापुद्र्या आणि चिमुकले शिंपले अडकले होते. "बारिश अच्छी हुई तो पानी यहाँ तक आता," तो म्हणाला, "फिर वोइच पानी आपके नल में आता."

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला होता आणि तळे आटून मागे सरले होते. आम्ही पाण्यापासून मोजले खरे, पण ते त्या दिवशीच्या पाण्यापासून! आमचा चर, आमची मोरी, आमच्या चुली, सारे काही तळ्याच्या पोटातच होते. जे आम्ही मातीत पुरून जाणार होतो, ते पुढच्या चांगल्या पावसात पाण्याखाली गेले असते. सूर्य मावळतीस लागला होता. मुले दमली होती. तरी तंबू उतरविले, चर बुजविला, सारे सामान उचलून रेघेच्या वर, शेतकऱ्याच्या शेतात नेले. तेथे त्या रेघेपासून पुन्हा २०० फूट मोजून नवा चर खणला. जेवणास रात्रीचे नऊ वाजले.

सामान वाहताना आठवीतील एका मुलाने जरा रागानेच विचारले, "सर, एवढे मोठे तळे! एका खड्ड्याने त्याचे काय बिघडणार?" त्या वेळी आम्ही त्यास समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर दोन दिवसांनी मिळाले. ते पुढे सांगू.

या प्रसंगातून निघणारा पहिला धडा असा. प्रत्येक जलाशयास दोन काठ असतात. एक आज दिसणारा आणि दुसरा पूर्ण भरल्यावरचा. या दुसऱ्या काठास पूर्ण संचय पातळी म्हणतात. उस्मानसागराची ती पातळी समुद्रसपाटीपासून १,७९० फूट आहे. दोन काठांमधील जमीन उन्हाळ्यात कुरणासारखी दिसली तरी ती तळ्याचीच असते. तेथे टाकलेली वस्तू तळ्यात टाकल्यासारखीच होय. म्हणून तळ्याकाठी गेल्यावर प्रथम पाण्याकडे न पाहता दगडांकडे, झाडांच्या बुंध्यांकडे आणि अडकलेल्या काटक्यांकडे पाहावे. त्याहूनही बरे म्हणजे तेथील कोळ्यास, गुराख्यास किंवा शेतकऱ्यास विचारावे. नकाशा जे दाखवीत नाही ते त्यांच्या ध्यानात असते.

दुसरा धडा जागेच्या निवडीचा. तंबू खोलगट जागी ठोकू नये. रात्री थंड हवा जड होऊन खाली साचते. त्यामुळे तळाशी गारठा व दव अधिक असते. किंचित उंच, निचऱ्याची जागा सुखकर. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा ईशान्येकडून व पूर्वेकडून येतो. म्हणून तंबूचे दार त्या दिशेस ठेवू नये. हैदराबादच्या परिसरातील ते प्रचंड फत्तर सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांच्या आडोशास चूल पेटविण्याचा मोह होतो, पण तापलेल्या दगडाचे पापुद्रे सुटतात आणि त्यावर धरलेली काजळी वर्षानुवर्षे जात नाही. चूल मोकळ्या मातीवर मांडावी. सरपण पडलेल्या, वाळलेल्या काटक्यांचेच घ्यावे. उभ्या बाभळीस किंवा सीताफळीस कोयता लावू नये. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतून राख ढवळावी आणि तीवर हात ठेवून पाहावे. हातास ऊब लागली नाही, तरच चूल विझली असे समजावे.

तिसरा धडा स्वच्छतेचा. चराची माती काढून बाजूस ठेवावी व प्रत्येक वेळी तीच वर लोटावी. एकटादुकटा प्रवासी असेल तर वीतभर खोल खड्डा पुरतो, कारण मातीच्या वरच्या थरातच घाण कुजवून तिची माती करणारे सूक्ष्म जीव अधिक असतात. फार खोल पुरलेले लवकर कुजत नाही. साबण सौम्य असो वा उग्र, तो तळ्यात जाऊ देऊ नये. भांड्यांचे खरकटे आधी पुसून काढावे, भांडी राखेने घासावी आणि ते पाणी काठापासून दूर, कोरड्या मातीवर पसरून टाकावे, म्हणजे माती ते गाळून घेते. आम्ही जेवणास पळसाच्या पानांच्या पत्रावळी वापरल्या. त्यामुळे ३२ ताटे घासण्याचे पाणी वाचले. प्लॅस्टिकचा कागद मात्र पुरू नये आणि जाळूही नये. जेवढे आणले तेवढे पिशवीत भरून शहरात परत न्यावे.

चौथा धडा पाण्याच्या हिशेबाचा. तळ्याचे कच्चे पाणी पिण्याजोगे नसते, म्हणून आम्ही शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी आणून उकळून घेत होतो. विहीर तंबूपासून सुमारे २०० पावले. एका घागरीत १५ लिटर पाणी मावे. शिबिरात माणशी दिवसाला दोन घागरी ठरविल्या होत्या आणि त्या ज्याच्या त्याने आणावयाच्या होत्या. रात्री मुलांस एक गणित घातले. शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी पुरवावे, असे शासकीय मान आहे. ते घागरीने आणावयाचे झाल्यास किती खेपा होतील? उत्तर : ९ खेपा. प्रत्येक खेपेस जाऊन-येऊन ४०० पावले, म्हणजे ३,६०० पावले. आणि त्यांतील निम्मी भरलेली घागर घेऊन! घरी नळ सोडून दात घासणाऱ्या एका विद्यार्थ्याने हे गणित वहीत दोनदा लिहिले, असे आम्ही पाहिले.

रात्रीच्या शिकवणीस फळा लागत नाही. शहराच्या दिव्यांची पूर्वेकडील झळाळी सोडली तर आकाश निर्मळ होते. पूर्वेस मृग नक्षत्र वर चढत होते. उत्तरेस ध्रुव तारा शोधावयास सांगितला, तेव्हा तो मुलांस वाटला होता त्यापेक्षा पुष्कळच खाली सापडला. याचे कारण सोपे आहे. ध्रुव क्षितिजापासून जितका वर दिसतो, जवळजवळ तितकाच त्या स्थळाचा अक्षांश असतो. आणि हैदराबाद सुमारे १७ अंशांवर आहे. हात लांब करून मूठ धरली असता ती आकाशातील सुमारे १० अंश झाकते; तेव्हा पावणेदोन मुठींच्या उंचीवर ध्रुव सापडतो. पहाटे थंडीत कुडकुडत आम्ही काठावर गेलो. पाण्यावर वारकरी पक्ष्यांचा थवा होता. काळ्या अंगावर कपाळाच्या पांढऱ्या गंधामुळे त्यास हे नाव शोभते. पाणकावळे पंख पसरून दगडांवर वाळत बसले होते. टिटवी मात्र आमच्याकडे पाहून एकसारखी ओरडत होती. ती जमिनीवर उघड्यावरच अंडी घालते. तिच्या ओरडण्याचा अर्थ 'येथे माझे घर आहे' असा घ्यावा आणि वाट बदलावी.

अशी शिबिरे आता जगात सर्वत्र होतात. इंग्लंडात १९०७ साली बेडन पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलांचे शिबिर भरविले आणि त्यातून बालवीर चळवळ निघाली. अमेरिकेत तर सरोवरांकाठी मुक्कामाच्या जागा सरकारने राखून ठेवल्या आहेत. मिनेसोटा राज्यातील इटास्का सरोवर हे मिसिसिपी नदीचे उगमस्थान. तेथील अरण्य लाकूडतोडीपासून वाचविण्यासाठी जेकब ब्रोवर या गृहस्थाने खटपट केली आणि १८९१ साली ते राज्य उद्यान ठरले. पुढे १९३३ ते १९४२ या मंदीच्या व युद्धाच्या काळात सुमारे ३० लाख बेकार तरुणांस सरकारने वनसंवर्धनाच्या कामास लावले. अनेक उद्यानांतील वाटा, निवारे आणि मुक्कामाच्या जागा त्यांनीच बांधल्या. आज तिकडे राहणारी मराठी कुटुंबेही उन्हाळ्यात मुलाबाळांसह अशा ठिकाणी तंबू ठोकतात. तेथे तंबूची जागा आखलेली, चुलीस लोखंडी कडे ठरलेले, शौचगृह काठापासून दूर. थोडक्यात, तळ्याची काळजी आधीच कोणी तरी घेऊन ठेवलेली असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अशी आखणी नाही. म्हणून ती प्रत्येकाने आपल्या मनात आखावी लागते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. परतताना आम्ही मुद्दाम मोटार हुसेनसागराच्या बांधावरून घेण्यास सांगितले आणि मुलांस खाली उतरविले. हुसेनसागर हा १५६२ च्या सुमारास, इब्राहिम कुत्बशहाच्या कारकीर्दीत बांधलेला तलाव. एके काळी या शहरास तो पिण्याचे पाणी पुरवीत असे. पुढे भोवती वस्ती वाढली, कारखाने आले, त्यांचे नाले तलावात येऊन पडू लागले. कोणी एका माणसाने तो घाण केला, असे म्हणता येणार नाही. प्रत्येक नाल्याने, प्रत्येक घराने, 'माझ्या एकट्याने काय होणार' असेच म्हटले असेल. मधोमध बुद्धाची भव्य मूर्ती उभी आहे. काठावर रोषणाई आहे. पण त्यातील ओंजळभर पाणी कोणी तोंडास लावीत नाही. तो मुलगा कठड्यापाशी काही वेळ उभा राहिला आणि काही न बोलता मोटारीत जाऊन बसला.

उस्मानसागर व हिमायतसागर यांवर ती पाळी येऊ नये म्हणून १९९६ साली शासनाने या तलावांभोवतीच्या १० किलोमीटर परिसरातील ८४ गावांत मोठ्या बांधकामांवर व कारखान्यांवर निर्बंध घातले होते. शहर वाढत त्यांच्या काठापर्यंत पोहोचले. निर्बंधांनी जमिनीचे मोल अडकले, अशी गावकऱ्यांचीही तक्रार होती. २०२२ साली ते निर्बंध उठविण्याचा आदेश निघाला. मात्र पाण्याची शुद्धता राखली पाहिजे, असे त्यातही म्हटले आहे. या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु कायदा असो वा नसो, काठावर येणाऱ्या माणसाचे कर्तव्य त्याने बदलत नाही, एवढे विद्यार्थ्यांस सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमची मातृभाषा कोंकणी. तीत पाण्यास अजूनही 'उदक' म्हणतात. मराठीत हा शब्द पूजेच्या पळीपुरता उरला आहे. आमच्या घरी मात्र तांब्यातलेही उदक आणि विहिरीतलेही उदकच. आमची आजी विहिरीच्या कठड्यापाशी कोणास चूळ भरू देत नसे. पावसाळ्यात पाणी कोठवर चढते तेथपासून ती अंतर धरी. लहानपणी घरात जे पाहिले, तेच त्या कोळ्याने आम्हांस पुन्हा शिकविले. पदवी घेऊनही आमच्या ते ध्यानात राहिले नव्हते, हे कबूल करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

पुढील वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा शिबिर भरले. या खेपेस तळे बरेच भरलेले होते. मागील वर्षी आम्ही प्रथम तंबू ठोकले होते ती गवताळ जागा पाण्याखाली गेली होती आणि तिच्यावर वारकरी पोहत होते. मुले बांधावर उभी राहून ती जागा एकमेकांस दाखवीत होती. तेवढ्यात गेल्या वर्षी प्रश्न विचारणारा तो मुलगा सामानातून फीत काढून पुढे गेला, फत्तरावरील रेघेशी तिचे टोक धरले आणि मागे वळून म्हणाला, "सर, येथून मोजायचे ना?"